दोन्ही हात कठड्याला

सासूबाईंनी तक्रार करायचं सोडलं, तिथेच सुनेला संशय यायला हवा होता.

पण नाही आला. कसा येणार? ज्या बाईला आयुष्यात एक उशी धड मिळाली नाही, जिच्या मते चहा एक तर गार असतो नाहीतर कढत, आणि जिला घरातले सगळे पाठीमागे ‘फौजदार’ म्हणतात, ती बाई खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडल्यावर एकाएकी गप्प झाली, तर सुनेला काय वाटेल? सुटले बाई एकदाची, असंच वाटेल. तिनं तसं नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

“तुझ्या आईला माझी इमारत आवडलेली दिसते. एका शब्दानं कुरकुर नाही.”

“मग आधी ताप आहे का बघ तिला,” नवरा म्हणाला.

‘माझी इमारत’ म्हणायला कारण होतं. ती त्या इस्पितळाच्या इमारत विभागाची प्रमुख होती. सगळे तिला इंजिनीअरबाई म्हणत. नव्या इमारतीचा पाया खणल्यापासून ते शेवटचा नळ बसेपर्यंत ती तिथे उभी होती, उन्हात, धुळीत, कंत्राटदारांशी भांडत. दोन वर्षांत घरी ती धड जेवली नव्हती. मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेली ती डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून, आणि नाटक संपेपर्यंत तिच्या ते लक्षातही आलं नाही.

आता त्या इमारतीला हरित मानांकन मिळवायचं होतं. म्हणजे बाहेरून परीक्षक येणार, इमारत वीज किती वाचवते, पाणी किती वाचवते, ऊन-वारा किती आत घेते हे तपासून गुण देणार, आणि गुण पुरेसे पडले की दर्शनी भिंतीवर पितळी फलक लागणार. इस्पितळाचे मोठे साहेब त्या फलकासाठी देव पाण्यात घालून बसले होते. भिंतीवर जागा मोकळी होती आणि खिळाही ठोकून झाला होता. तिथे आल्यागेल्याचा कोट अडकत होता, पण खिळा काही निघत नव्हता.

यंदा त्यात एक नवं खूळ निघालं होतं. इमारत नुसती काटकसरी असून भागणार नाही, ती रुग्णांना सोसवते की नाही हेही बघणार. परीक्षक थेट खाटेपाशी जाऊन विचारणार, आणि रुग्णांच्या बोलण्याला भरपूर गुण. हे पत्र आलं त्या दिवशी इंजिनीअरबाईंचा तिळपापड झाला होता. घरी आल्या आल्या चपला भिरकावून ती नवऱ्याला म्हणाली होती, “म्हणजे मी विजेचा एकेक थेंब वाचवायचा, आणि एखाद्या म्हातारीनं तोंड उघडलं की माझी दोन वर्षं मातीत!” विजेचा थेंब नसतो, हे नवऱ्यानं सांगून बघितलं. सासूबाई तिथेच शेंगा सोलत बसल्या होत्या. पुढच्याच महिन्यात त्या जिन्यावरून पडल्या.

तर, सासूबाई होत्या तिसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात. शस्त्रक्रिया उत्तम झाली. हाडात खिळा बसला, वॉकर धरून चार पावलं टाकता येऊ लागली. सगळं कसं सुरळीत चाललेलं. आणि नेमकं परीक्षण तोंडावर आलेलं असताना या बाईनं पाणी प्यायचं सोडलं.

सोडलं म्हणजे अगदी सोडलं नाही. ओठाला लावायच्या, एक घोट घ्यायच्या, आणि कुणाची पाठ वळली की उरलेला पेला खाटेखालच्या भांड्यात. ताक नको, सरबत नको, चहासुद्धा नको. गोळ्या कोरड्या गिळायच्या. ओठांना भेगा पडल्या, जीभ चामड्यासारखी झाली.

“मॅडम, हे बरं नाही,” वॉर्डातल्या डॉक्टर म्हणाल्या. वयानं लहान होत्या, पण उगाच घाबरवणाऱ्यातल्या नव्हत्या. “मूत्रपिंडाचे आकडे वर चाललेत. त्यांचं हृदय नाजूक, त्यामुळे सलाइन भराभर देता येत नाही, छातीत पाणी साठेल. त्यांनी तोंडानंच प्यायला हवं. एक-दोन दिवसांत फरक पडला नाही, तर अतिदक्षता विभागात हलवावं लागेल. आणि तिथून या वयाची माणसं… तुम्ही समजावा त्यांना.”

समजावा! सासूबाईंना! इंजिनीअरबाईंनी खाटेशी स्टूल ओढलं आणि समजावलं. गोडीनं समजावलं, मग जरा चढ्या आवाजात समजावलं, मग हात जोडून समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि इथे तर घडा पाणीच घेईना.

“आई, काय झालंय तुम्हाला? मळमळतंय का?”

“नाही.”

“चव नाही आवडत?”

“पाण्याला कसली आलीय चव?”

“मग प्या ना!”

“तहान नाही. तू जा तुझ्या कामाला. तुझं ते परीक्षण आहे ना?”

“आहे! उद्या आहे! आणि तुम्ही माझा जीव खाताय इथे!”

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. इतकं बोलून घेऊनही उलट एक शब्द नाही. शेजारच्या खाटेवर पाय वर टांगून पडलेल्या निवृत्त मास्तरीणबाई काहीतरी बोलायला म्हणून कोपरावर उठल्या. सासूबाई डोळे मिटूनच जोरात खाकरल्या. मास्तरीणबाईंनी वर्तमानपत्र उघडलं, उलटं.

जिना उतरताना इंजिनीअरबाईंनी नवऱ्याला फोन लावला.

“तुझी आई पाणी पीत नाही.”

“तू सांग ना तिला.”

“मी सांगितलं! तू ये आणि सांग!”

“अगं, मी आलो की ती म्हणते, दमला असशील, घरी जा. तू तिथेच असतेस ना. तुझीच तर इमारत आहे.”

फोन भिंतीवर आपटावासा वाटला. भिंत नुकतीच रंगवलेली होती म्हणून वाचला.

खरं तर तिचं डोकं त्या वॉर्डानं आधीच उठवलं होतं. काय झालं होतं, की या इमारतीत दिव्यांना बटणं नव्हती. छतात एक-एक पांढरी टिकली बसवलेली. कुणी हलताना दिसलं की दिवा लागायचा, हालचाल थांबली की थोड्या वेळानं आपोआप विझायचा. रुग्ण त्या टिकलीला ‘डोळा’ म्हणत. हा थोडा वेळ म्हणजे किती, ते इंजिनीअरबाईंनी ठरवायचं. आधी तो ऐसपैस ठेवलेला होता. पण परीक्षण जवळ आलं तशी तिनं स्वच्छतागृहांपुरता तो कातरत कातरत दोन मिनिटांवर आणला. कातरण्याआधी स्वतः जाऊन बघितलंही होतं. आत शिरली, दिवा लागला, हात धुतले, बाहेर आली, दिवा विझला. वा! एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, प्रत्येक ठिकाणी तिनं हेच केलं, आणि संध्याकाळी धुऊन धुऊन हातांची साल निघायची वेळ आली.

दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचा फोन आला होता, की बाई, आत रुग्ण असतानाच दिवे जातात. इंजिनीअरबाई तेव्हा टाक्यांच्या नकाशात बुडालेल्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “हात हलवायला सांगा ना! इतकं कळत नाही का लोकांना?” सिस्टर म्हणाली, बरं.

आणि मग एक चमत्कार झाला. साऱ्या इमारतीतला विजेचा खप खाली आला, फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहातला वर गेला. दिवा म्हणे दिवसभर विझतच नाही! इंजिनीअरबाई दातओठ खात वर गेल्या. बघतात तर स्वच्छतागृहाच्या दारात एक निळं प्लास्टिकचं स्टूल अडकवून ठेवलेलं. दार मिटतच नव्हतं, आणि बाहेरून ये-जा करणारी माणसं त्या डोळ्याला दिसत राहत, म्हणून दिवा सदोदित चालू.

“हे स्टूल कुणी ठेवलं?” तिनं वॉर्डाच्या मधोमध उभं राहून विचारलं होतं.

सगळ्या बायका आपापल्या चादरीकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी कूस बदलता येत नव्हती म्हणून मान बदलली.

“अहो, एवढ्या कष्टानं आम्ही वीज वाचवतो, आणि तुम्ही दारात स्टूल लावता? दार लावून जात जा! लाज आहे की नाही काही?”

“बाई, अहो, त्याचं काय आहे…” मास्तरीणबाईंनी सुरुवात केली होती. तेव्हाही सासूबाई खाकरल्या होत्या. इंजिनीअरबाईंना वाटलं, घसा कोरडा पडलाय. तिनं स्टूल काखोटीला मारलं आणि खाली आपल्या खोलीत नेऊन ठेवलं. त्यावर ती पर्स ठेवायची.

तर असा सगळा ताप. त्यात हे पाण्याचं.

परीक्षणाचा दिवस उजाडला. परीक्षक म्हणजे कुणी तरी भारदस्त असामी असेल, या समजुतीनं मोठे साहेब नवा कोट घालून दारात उभे होते. आला एक बुटका, शांत गृहस्थ, पाठीला पिशवी, पायात बूट असे की कुठल्याही गच्चीवर चढता यावं. साहेबांनी गुच्छ पुढे केला, तो त्यानं घेतला आणि स्वागतकक्षातल्या बाईंना देऊन टाकला. इंजिनीअरबाईंना तो त्याच क्षणी आवडला.

खालचे मजले छान पार पडले. त्यानं भिंतींची जाडी विचारली, सांडपाणी कुठे जातं ते विचारलं, खिडक्या उघडून बघितल्या. “सगळा उजेड खाटांना दिलात,” तो म्हणाला, “चांगलं केलंत.” इंजिनीअरबाई फुलून गेल्या. उजेडाची बाजू खाटांना दिली म्हणून स्वच्छतागृहं इमारतीच्या पोटात गेली होती, बिनखिडकीची, पण ते काही कुणी विचारलं नाही.

मग तिसरा मजला. बायकांचा वॉर्ड. परीक्षक मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, “मी या इमारतीला गुण द्यायला आलोय. तुम्हाला इथे काही त्रास असेल तर मोकळेपणानं सांगा.”

“छे छे!” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“काही त्रास नाही,” पलीकडची हातमोडकी म्हणाली.

“छान आहे. फार छान आहे,” कोपऱ्यातली म्हणाली. ती मागच्या आठवड्यात रात्रंदिवस कण्हत होती.

आणि मग सासूबाईंनी मान उचलली. “असं इस्पितळ मी बघितलं नाही,” त्या खणखणीत म्हणाल्या. घसा इतका सुकलेला, की शब्द अडकत होते, पण म्हणाल्या. “हवा काय, उजेड काय! दिवे तर आपोआप लागतात. राजवाडा आहे राजवाडा! जिनं बांधलं तिच्या हातांना यश आहे.”

परीक्षकानं लिहून घेतलं. मोठ्या साहेबांची छाती कोटात मावेना. आणि इंजिनीअरबाईंना मात्र काहीतरी खटकलं.

कारण, अहो, ही तिची सासू होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आजवर तिनं सुनेच्या हाताला नावंच ठेवली होती. हाताला चव नाही, हाताला वळण नाही, हातात वस्तू टिकत नाही. ती बाई चारचौघांत म्हणते हातांना यश आहे? कुठेतरी पाणी मुरत होतं. सुनेनं नीट बघितलं. सासूबाईंचा चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, आणि दोन्ही मुठींत चादर घट्ट धरलेली.

“तुम्ही गच्चीवर व्हा पुढे,” ती साहेबांना म्हणाली. “मी आलेच.”

ते गेल्यावर ती खाटेवर वाकली. “आई, काय होतंय?”

“काही नाही. गेला का तो?”

“गेला.”

“पक्का गेला?”

“गेला हो! काय होतंय तुम्हाला?”

“मला जायचंय,” सासूबाई म्हणाल्या. “मगापासून जायचंय. आता नाही धरवत.”

वॉर्डातल्या मावशी कुणाला तरी एक्स-रेला घेऊन गेल्या होत्या. सुनेनं वॉकर पुढ्यात ठेवला, काखेत हात घातला, आणि दोघी निघाल्या. पाच-सहा खाटांचं अंतर, पण काय अंतर ते! पाऊल, थांबा. पाऊल, थांबा. सून मनात म्हणत होती, ही बाई दिवसातून एकदाही कशी जाते! आजवर हे काम मावशी करत होत्या. सून यायची ती रिपोर्ट बघायला आणि ओरडायला.

दार उघडलं, दिवा लागला. झकास. हात धुवायच्या बेसिनवरून पुढे गेलं की एक आडवी भिंत, आणि भिंतीमागे बसायची जागा, दोन्ही बाजूंना पोलादी कठडे. सुनेनंच लावून घेतले होते ते, पारखून, मजबूत. सासूबाई वॉकर सोडून एक हात या कठड्याला, मग दुसरा त्या कठड्याला असं करत वळल्या. मोडका पाय पुढे काढला. इंचाइंचानं खाली बसायला लागल्या. अर्ध्यावर होत्या.

आणि दिवा गेला.

गेला म्हणजे असा गेला, की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये.

“हात हलवा, आई!” सून पटकन बोलून गेली.

सासूबाई म्हणाल्या, “कुठला हलवू? हा सोडला तरी पडते, तो सोडला तरी पडते.”

सुनेनं स्वतःचे दोन्ही हात वर करून वेड्यासारखे हलवले. काही नाही. डोळा होता बेसिनच्या वर, आणि त्या दोघी भिंतीच्या आड. त्याला दिसणार काय, कपाळ? सासूबाईंना सोडून बाहेर जावं तर त्या अधांतरी. शेवटी अंदाजानं त्यांना धरून टेकवलं, भिंतीवर कोपर ठेचत बेसिनपाशी गेली, हात हलवला, दिवा लागला. परत आत आली. सासूबाई कठड्यांना दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. हाताच्या शिरा वर आलेल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि सुनेला तेच बघवेना.

“असंच असतं,” सासूबाई म्हणाल्या. “आता परत जाईल. घाबरू नकोस.”

“रोज?”

“आधी स्टूल होतं ना.”

सून मटकन खालीच बसली, त्या ओल्या फरशीवर, परीक्षणासाठी घातलेल्या चांगल्या कपड्यांत.

“मास्तरीणबाईंच्या डोक्यातून निघालं होतं ते,” सासूबाई सांगू लागल्या. “दार जरा उघडं राहायचं, पण स्टुलावर चादर टाकली की भागायचं. ते तू नेलंस. मग एकदा मी आत असताना दिवा गेला, आणि मावशींनी गडबडून, उजेड यावा म्हणून, दार सताड उघडलं. समोर कुणाचे तरी पाहुणे बसलेले. पुरुषमाणसं. भिंत आड होती, पण बेसिनवरच्या आरशात त्यांना मी दिसत होते. मी अशी बसलेली, आणि उठता येईना. त्यापेक्षा म्हटलं, नकोच ते पाणी. न प्यायलं की यायला नको.”

“अहो पण मला सांगायचं ना!” सुनेचा आवाज फुटला. “जन्मभर चहात साखर जास्त झाली तर सांगितलंत, पडदा वाकडा आहे ते सांगितलंत, आणि हे नाही सांगितलं?”

“परीक्षा होती ना तुझी. तूच म्हणालीस, एका म्हातारीनं तोंड उघडलं की दोन वर्षं मातीत. घरात म्हातारी मी एकटीच.”

“मी तुम्हाला नव्हतं म्हटलं ते!”

“कुणाला का म्हटलं असेना. तू मेलीस त्या इमारतीपायी, मी बघितलंय. मुलगा माझा नुसता ‘हो हो’ करतो, घर तू ओढतेस. आणि मी माझ्या तोंडानं तुझे गुण घालवू? सगळ्या वॉर्डाला बजावून ठेवलं होतं, तो येऊन जाईपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. चार दिवसांचा तर प्रश्न होता.”

“आई, मूत्रपिंडं निकामी व्हायची वेळ आलीय तुमची!”

“मूत्रपिंडं दोन असतात,” सासूबाई म्हणाल्या. “सून एकच आहे.”

“दोन्ही एकदमच जातात, आई!” सून किंचाळली. आणि मग तिला रडू आलं. इतका वेळ नुसता राग येत होता, सासूचा, नवऱ्याचा, परीक्षकाचा, आणि आता बघते तर राग करायला आपल्याशिवाय कुणी उरलंच नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्याच वेळी दिवा पुन्हा गेला.

“बघ,” अंधारातून सासूबाई म्हणाल्या.

परीक्षक गच्चीवरून उतरला तेव्हा खूश दिसत होता. मोठे साहेब त्याला जेवायला चला म्हणत होते. इंजिनीअरबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या, मागून ओल्या, नाक लाल.

“एक खोली राहिली,” ती म्हणाली.

“झालं की सगळं बघून,” साहेब म्हणाले.

“नाही झालं. या.”

तिनं परीक्षकाला तिसऱ्या मजल्यावर आणलं, वॉर्डाच्या मधून नेलं, आणि त्या स्वच्छतागृहात घातलं. सासूबाई खाटेवर परत आल्या होत्या. त्यांनी हा सगळा प्रकार बघितला आणि इतक्या जोरात खाकरल्या की सिस्टर धावत आली. सुनेनं ढुंकूनही बघितलं नाही.

“झाकणावर बसा,” ती परीक्षकाला म्हणाली. “दोन्ही हात कठड्याला. तुमचा डावा खुबा मोडलाय. त्या पायावर भार टाकायचा नाही आणि हात सोडायचे नाहीत.”

“अहो बाई, काय चालवलंय तुम्ही?” मोठे साहेब घाम पुसत म्हणाले. तिनं दार लावून घेतलं.

सारा वॉर्ड श्वास रोखून दाराकडे बघत होता. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “दिवा गेला.”

“हो. आता उठा.”

“दिसत नाही काही.”

“इथल्या बायकांनाही दिसत नाही,” मास्तरीणबाई आपल्या खाटेवरून मोठ्यानं म्हणाल्या. त्यांच्या तोंडाचं कुलूप एकदाचं निघालं, आणि मग काय विचारता! एकेकीचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. कुणी घोटा आपटून घेतला होता, कुणी रात्री जेवणच सोडलं होतं, कोपऱ्यातली म्हणाली मी तर बेसिनपाशीच उभी राहून रडते. आत काहीतरी धडपडलं, कुणीतरी हाय म्हणालं, आणि दार उघडून परीक्षक बाहेर आला. त्यानं कपाळ चोळलं. तो खरोखरच एका पायावर उभा होता.

“वेळ कुणी लावली ही?”

“मी,” इंजिनीअरबाई म्हणाल्या. “स्टूलही मीच नेलं.”

“तपासलं नव्हतंत?”

“तपासलं होतं. दोन पायांवर.”

परीक्षकानं मघाशी लिहिलेलं पान आडवं खोडलं. “रुग्णांचे गुण मी आज देत नाही,” तो म्हणाला. “शून्यही नाही, काहीच नाही. पुन्हा येईन, न कळवता. तोवर फलक नाही.” साहेबांच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला. परीक्षक पिशवी पाठीला लावून निघाला, आणि दाराशी थांबून म्हणाला, “आणि बाई, बाकीच्या मजल्यांवर मी फक्त उभाच होतो. ते मलाही परत बघावं लागेल.”

साहेब मागे राहिले. “तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?” ते म्हणाले. “घरचं माणूस होतं म्हणून हातचं घालवलंत!”

“साहेब,” ती म्हणाली, “आधी वायरमनला वर पाठवा. मग मला हवं ते बोला.”

वेळ वाढवायला काही लागत नाही, खाली संगणकावर आकडा बदलायचा. पण भिंतीआड दुसरा डोळा बसवायचा तर वायरमन येणार, छत उघडणार, दुपार जाणार. तोवर काय? इंजिनीअरबाई खाली गेल्या, आकडा बदलला, पर्स टेबलावर फेकली आणि निळं स्टूल काखोटीला मारून वर आल्या. ते त्यांनी आत, बेसिनपाशी ठेवलं, आणि त्यावर स्वतः बसल्या. आकडा बदलला असला तरी तिचा आता त्या डोळ्यावर काडीचा विश्वास नव्हता.

“कुणाला जायचंय?” तिनं बाहेर ओरडून विचारलं.

सगळ्यांनाच जायचं होतं. मावशींनी एकेकीला आणलं, आणि भिंतीपलीकडे बाई बसली की अलीकडे इस्पितळाच्या इमारत विभागाची प्रमुख छताकडे बघून हात हलवत राहिली. हात दुखला की दुसरा. मास्तरीणबाईंचा पाय टांगलेला, त्यांना यायचं नव्हतंच, पण त्या तिथून हुकूम सोडत होत्या, “आता हिची पाळी, मग तिची.” कोपऱ्यातली बाहेर पडताना म्हणाली, “पोरी, थकलीस का गं?” आणि तिच्या गालाला हात लावून गेली.

वायरमन शिडी घेऊन आला तेव्हा ती उठली. खांदा बधिर झाला होता. सासूबाईंच्या खाटेशी जाऊन तिनं पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला. डॉक्टर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सासूबाईंनी पेल्याकडे बघितलं, मग सुनेकडे. “गेला ना फलक?”

“गेला.”

“माझ्यामुळे.”

“तुमच्यामुळे नाही. प्या.”

सासूबाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला. एक घोट घेतला, थांबल्या, मग दुसरा घेतला, आणि मग डोळे मिटून घटाघटा सगळा पेला रिकामा केला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. शेजारच्या खाटेवर मास्तरीणबाई उलटं वर्तमानपत्र सुलटं करत होत्या.

मग सासूबाईंनी ओठ पुसले आणि तोंड वाकडं केलं.

“शी! हे काय पाणी म्हणायचं? कोमटढोण. आणि पेल्याला साबणाचा वास येतोय. नीट विसळत नाहीत मेले. आणि ही उशी बघ, दगड आहे दगड! आल्या दिवसापासून मान धरलीय माझी. इतकी मोठी इमारत बांधलीस, एक उशी धड आणता आली नाही?”

“आणते,” सून म्हणाली. “अजून काय?”

“अजून एक पेला आण आधी,” सासूबाई म्हणाल्या. “गार.”